निरोगी माणसं पाहिजेत

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकून केला असता, पण सकाळपासून फ्रीझरमध्ये डोकं खुपसून पाठ धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घे.

फोन का केला नाही म्हणून फुगू नकोस. तुला फोन केला की तुझे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात असतात. मामी फोन तुझ्या कानाला लावते, आणि मागे त्या बिचाऱ्याचं 'आं आं' ऐकत मला बोलावं लागतं. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय सोबत एक पेटी येते आहे आणि तिचं काय करायचं ते लिहूनच द्यायला हवं, नाहीतर तू त्यात कवळ्या ठेवशील.

काम असं आहे. कंपवाताचं निदान होतं कधी, तर हात थरथरायला लागल्यावर. तोवर मेंदूतल्या कामाच्या पेशी बऱ्याचशा गेलेल्या असतात. आता रक्तातलं एक प्रथिन बघून हे खूप आधी ओळखता येतं, असा एका मोठ्या प्रयोगशाळेने शोध लावला. पेपरात फोटो आले, सत्कार झाले, हारतुरे झाले. पण तीच चाचणी दुसऱ्या माणसांवर, दुसऱ्या हातांनी केली तर खरी निघते का, हे कुणी बघितलंच नाही. ते बघायचं काम माझं. याला पडताळणी म्हणतात, आणि पडताळणीसाठी पैसे मागायला गेलं की निधी देणाऱ्या समितीची माणसं माझ्याकडे अशी बघतात, जशी मी नाटक संपल्यावर तिकीट मागायला आले आहे. "पण यात नवीन काय?" अहो, नवीन काहीच नाही! नवीन म्हणून जे मिरवताय ते खरं आहे का, एवढंच बघायचंय.

तर सध्या त्यांनी हातावर चिरीमिरी ठेवली आहे. तेवढ्यात छोटी पडताळणी करून दाखवायची. निकाल चांगले आले तर मे महिन्यात मोठा निधी. नाही आले तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि मी तुझ्या दवाखान्यात चूळ भरायचे पेले विसळायला हजर.

आजारी माणसं मला इस्पितळातून मिळतात. अडलंय ते निरोगी माणसांवाचून. साठीच्या पुढची, हातपाय ठणठणीत असलेली माणसं गोळा कर. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून रक्त काढून घे. प्रत्येक नळीवर पेटीतलं आकड्याचं लेबल लाव. कुठला आकडा कुणाचा ते पाकिटात बंद करून, नळ्यांच्या पेटीसकट, आमच्या आकडेवाल्या बाईंकडे पाठव, माझ्याकडे नाही. त्यांना आम्ही चावीवाली म्हणतो; लेबलं त्यांचीच आहेत, आणि सगळ्या नळ्या मिसळूनच त्या मला देतात. कुठली नळी आजाऱ्याची आणि कुठली निरोग्याची हे मला कळता कामा नये, नाहीतर माझाच डोळा मला फसवेल.

आणि एक. निकाल कुणालाही कळवायचा नाही. चाचणी खरी की खोटी हेच ठरलेलं नाही, तर तिच्यावरून कुणाची झोप का उडवायची? हे मान्य आहे अशी प्रत्येकाची सही घे. तुझी पण.

तुझी,
रक्ताला चटावलेली भाची

१९ जानेवारी

ठमे,

निरोगी माणसं गोळा कर म्हणे! आमच्या गल्लीत साठीपुढचा निरोगी माणूस म्हणजे ज्याने अजून तपासून घेतलेलं नाही तो.

पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांकडे गेलो. छाती पुढे काढून म्हणाले, मला काहीही होत नाही. मागून त्यांची सून मूठभर गोळ्या आणि पाणी घेऊन आली. तरी घेतलं त्यांना, कारण त्यातली एकही गोळी तुझ्या आजाराची नव्हती. पोहायला जाणारी एक टोळी आहे, ती सगळीच्या सगळी आली. त्यातला सर्वांत दांडगा गडी सुई बघूनच आडवा झाला. मग मी जाहीर केलं की रक्त देईल त्याचे दात फुकट साफ करून मिळतील. त्यावर अशी झुंबड उडाली की ज्यांना दातच नाहीत तेही रांगेत उभे राहिले.

सगळ्यांना निकाल हवाय. मी सांगितलं, निकाल मिळणार नाही, ही चाचणी तुमची नाही, चाचणीची चाचणी आहे. न्यायाधीश म्हणाले, हे बेकायदेशीर वाटतं. मी म्हटलं, तोंड उघडा.

शेवटी मी स्वतः दिलं. तुझ्या पेटीतला मुकुटमणी मीच, हे वेगळं सांगायला नको. सकाळी चालतो, दुपारी झोपत नाही, आणि अक्कलदाढ अशी उपटतो की पेशंट विचारतो, सुरुवात कधी करणार? हा हात बघून तुझी आई म्हणायची, दादा चोर झाला असता तर कुणाला पत्ता लागला नसता.

तुझी मामी मात्र सध्या दुसऱ्या खोलीत झोपते. भांडण नाही. स्वप्नात मी गोलकीपर असतो. परवा चेंडू अडवायला झेप घेतली, तर टेबलावरचा दिवा फुटला आणि तिला कोपर लागलं. अशा बऱ्याच मॅच झाल्या अलीकडे. अजून एकही गोल खाल्लेला नाही.

पेटी आजच रवाना केली. बर्फ भरपूर घातला आहे.

तुझा,
निरोगी मामा

२६ मार्च

मामा,

चाचणी पास झाली! चावीवाल्या बाईंनी काल कुलूप उघडलं, म्हणजे आजारी कोण आणि निरोगी कोण एवढं सांगितलं, नावं नाहीत. आजाऱ्यांना चाचणी बहुतेक सगळीकडे आजारी म्हणाली आणि निरोग्यांना निरोगी. मी एवढी मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतले साहेब आग लागली समजून फाइल उचलून बाहेर धावले. मला हाक मारायचं नाही सुचलं त्यांना, फाइल सुचली.

पण तुझ्या पेटीतल्या एका निरोगी माणसाने माझी वाट लावली. अठरा नंबर. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा त्याचं प्रथिन पार छपराला टेकलेलं. आमच्या आजाऱ्यांमध्येही इतका वर कुणी नाही. निरोगी माणसाला आजारी ठरवणं हा अशा चाचणीचा सगळ्यात वाईट गुन्हा. छोट्याशा पडताळणीत असा एक जरी निघाला तरी समिती त्याच्यावर बोट ठेवणार.

साहेब म्हणतात, डोळ्यात गेलेला कण समज आणि काढून टाक. मला ते जमणार नाही. पण मामा, खरं खरं सांग, त्या नळीचं काही झालं होतं का? बराच वेळ उबेत राहिली, सांडली, फुटली? तसं असेल तर ती नियमाने वगळता येते. फक्त गोळा करणाऱ्याने तसं लिहून द्यावं लागतं. खरं असेल तरच लिही. मी तुला ओळखते.

घाईत,
तुझी भाची

२ एप्रिल

ठमे,

हे घे.

"लिहून देणार, खाली सही करणार दंतवैद्य, असं लिहून देतो की अठरा क्रमांकाची नळी माझ्या हलगर्जीपणामुळे दुपारभर अवजारं उकळायच्या भांड्याशेजारी राहिली, कारण त्याच वेळी एक पेशंट खुर्चीतून घसरला आणि त्याला सावरण्यात माझं लक्ष गेलं. सबब सदर नळी भरवशाची नाही."

कशी आहे भाषा? न्यायाधीशांकडून दुरुस्त करून घेतली. कशासाठी हवी ते त्यांना सांगितलं नाही. खरं तर मला दाट संशय आहे की ती नळी त्यांचीच असणार. त्या माणसाच्या रक्तात पहिल्यापासून खोट आहे, तीन वर्षं माझं वर्तमानपत्र आधी वाचतोय.

आता हा कागद लाव आणि समितीला गुंडाळून टाक. पेले विसळायला मला तू नकोस. मागे एकदा आली होतीस तेव्हा दोन फोडलेस.

तुझा,
हलगर्जी मामा

७ एप्रिल

पोरी,

मी सहसा लिहीत नाही, तुमच्या दोघांच्या पत्रात मला जागाच कुठे असते! पण मामाने तुला जे लिहून दिलं ते धादांत खोटं आहे. काल जेवताना स्वतःच फुशारकी मारत होता, भाचीचं काम केलं म्हणून. दवाखान्याचा सगळा कारभार मी बघते. प्रत्येक नळी नर्सबाईंच्या हातून थेट माझ्या हातात आली आणि थेट बर्फात गेली. कुणी खुर्चीतून घसरलं नाही. तुझ्या मायेपोटी केलं त्याने, पण तुझं नाव खराब व्हायला नको म्हणून सांगते.

आता दुसरं. लेबलं सगळी मी लावली. एक सोडून. स्वतःच्या नळीचं लेबल मी लावतो म्हणून त्याने हट्ट धरला. किती वेळ चिमटीत ते चिकटून बसलं होतं, आणि शेवटी लावलं तेही उलटं. मी हसले तर चिडला. असा चिडत नाही तो कधी.

त्याच्या गोलकीपरच्या गोष्टी तू हसून वाचल्या असशील. मी पण हसायचे. पण कोपर लागलं तेव्हा तो झोपेत होता आणि डोळे मिटलेले होते, आणि माझा गळा धरला होता त्याने. दूध करपून घरभर धूर झाला तरी याला वास नाही. बटणं मी लावून देते, घाई आहे म्हणतो.

तू या आजाराचं शिकलेली आहेस. मला भीती वाटते. मूर्ख शंका असली तर तसं कळव, मी आनंदाने मूर्ख ठरेन.

मामी

११ एप्रिल

मामी,

फ्रीझर उघडून बघितलं. अठरा नंबरचं लेबल उलटं आहे.

हे तुला सांगणं नियमात बसत नाही. नियम मीच लिहिलाय. पण आता मला ते माहीत झालं आहे आणि ते माहीत नसल्यासारखं वागणं मला येत नाही. दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर माझी चाचणी चुकली, किंवा मामाला कंपवात सुरू होतोय. तू लिहिलेलं झोपेतलं हातपाय झाडणं आणि वास न येणं, दोन्ही या आजारात हात थरथरायच्या खूप आधी दिसतं. तरी चाचणीवर भरवसा ठेवू नकोस, ती अजून सिद्ध झालेली नाही. त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. मी त्याला वेगळं पत्र टाकते आहे, त्यात यातलं काही नाही.

तुझी मूर्ख ठरायची इच्छा पुरी होवो.

भाची

११ एप्रिल

मामा,

कागद मिळाला. भाषा झकास. तो मी वापरणार नाही, कारण मामीने तुझं बिंग फोडलं आहे. असो, राग नाही.

बाकी ठीक. मामी म्हणत होती तुझी झोप नीट होत नाही. एकदा सहज मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून ये ना. काही नाही, वयाप्रमाणे एकदा बघून घेतलेलं बरं. इकडे हवा छान आहे.

तुझी भाची

१७ एप्रिल

ठमे,

'एकदा सहज.' 'काही नाही.' 'इकडे हवा छान आहे.' अगं, मी दातांचा डॉक्टर आहे. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य उभ्या जन्मात मी किती वेळा म्हटलं असेन, आणि ते कधी म्हणतात ते मला माहीत आहे. तू हवेबद्दल आजवर एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

अठरा नंबर मी आहे ना?

मामीला दटावून विचारलं. ती रडायला लागली, म्हणजे उत्तर मिळालं.

तेव्हा आता समजून घे, की ही लढत आहे. मी धडधाकट तर तुझी चाचणी बाद, आणि तुझी चाचणी पास तर मी बाद. एकाच घरातल्या दोघांचं भलं करायची देवाला कधी सवयच नाही. तुझ्या निधीचं मला काही पडलेलं नाही. परवापर्यंत होतं, खोटी सही केली त्यासाठी. आज नाही. मला माझी खुर्ची हवी आहे, माझे पेशंट हवे आहेत आणि हा हात हवा आहे. तुझं प्रथिन गेलं खड्ड्यात.

मी जाणार आहे त्या मेंदूवाल्याकडे, मुद्दाम जाणार आहे. त्याच्याकडून 'ठणठणीत' असं लिहून घेईन आणि तुझ्या समितीच्या दारावर खिळ्याने ठोकीन. तोवर मला पत्र टाकू नकोस.

मामा

९ मे

ठमे,

अभिनंदन. तू जिंकलीस.

मेंदूवाल्याची वरची कवळी माझ्याच हातची आहे, त्यामुळे मला वाटलं होतं माणूस थोडा दबून असेल. कसला दबतो! त्याच कवळीने गोड हसत मला म्हणाला, अंगठा आणि बोट चिमटीसारखं उघडझाप करा. उजव्या हाताने छान केलं. डाव्याने सुरुवात झोकात केली, मग चिमटी लहान लहान होत गेली आणि मध्येच अडली. मी हाताकडे बघत राहिलो. माझाच हात, चार चांगल्या माणसांत माझी अब्रू घेत होता. मग मला बोळातून चालायला लावलं. उजवा हात चालतो तसा हलत होता. डावा बाजूला नुसता लटकलेला. मामी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, हे मला वर्षभर दिसतंय, मला वाटलं ऐट आहे.

आणखी तपासण्या झाल्या. त्याने कागदावर लिहून दिलंय. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, बरीच वर्षं चांगली जातील म्हणतो. 'अजिबात दुखणार नाही' असं म्हणाला नाही, एवढं एक बरं केलं.

माझं ते खोटं प्रमाणपत्र फाडून टाक. अठरा नंबर तुझ्या तक्त्यात राहू दे. मागच्या पत्रात जे बोललो ते बोललो, परत घेत नाही, कारण तेव्हा ते खरंच होतं. पण तुझ्या मामाला तू ओळखतेस.

दवाखाना अजून चालू आहे. उजवा हात ठणठणीत आहे. बघू.

मामा

२८ मे

मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी उभी होते. 'तू जिंकलीस' हे वाचलं आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, मला आनंद झाला. चाचणी बरोबर होती! मग खाली काय लिहिलंय ते डोक्यात शिरलं आणि मी जिन्यात बसून रडले. हे तुला सांगायला हवं होतं. आता काय करायचं ते कर.

समितीची बैठक परवा झाली. तुझं प्रमाणपत्र मी त्यांच्यापुढे ठेवलंच नाही, नळी वगळलेली नाही असं सरळ लिहून दिलं. तू म्हणशील, आता तर तो माणूस खरंच आजारी निघाला, मग अडलं कुठे? अडलं असं, की रक्त दिलंस तेव्हा तू निरोगी म्हणून नोंदलेला होतास. नंतर काही कळलं म्हणून रकाना बदलायचा नसतो. आज मी बदलला तर उद्या जो तो आपल्या सोयीने बदलेल. तेव्हा तक्त्यात तू माझ्या चाचणीची चूक म्हणूनच राहतोस. आणि नंतर काय निघालं ते पुराव्यासकट सांगायचं तर तुझं नाव आलं, ते सांगायचा मला हक्क नाही. तुझ्या पेशंटांना हे समितीच्या चहापानातून कळावं, असं मला नको होतं.

त्यामुळे ते विचारत राहिले आणि मी तोच तक्ता पुढे करत राहिले. एक गृहस्थ म्हणाले, चांगल्याभल्या माणसाला आजारी ठरवणारी चाचणी आम्ही कशाला पोसायची? अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, काहीतरी नवीन घेऊन या. मी म्हटलं, बरं. निधी नाही मिळाला.

जुलैअखेर प्रयोगशाळा बंद. साहेबांनी आतापासूनच माझ्या टेबलावर स्वतःच्या फायली ठेवायला सुरुवात केली आहे.

तू कसा आहेस? हवेबद्दल काही लिहीत नाही.

भाची

६ जून

(समितीच्या अध्यक्षांना पाठवलेल्या पत्राची ही नक्कल. ठमे, तुझी परवानगी घेतली नाही. नाही म्हणाली असतीस. मामा)

अध्यक्षमहाराज,

आपल्यासमोर गेल्या महिन्यात जो तक्ता ठेवला होता, त्यातली एक चूक तुम्हाला फार खटकली असं ऐकलं. ती चूक मी आहे. भेटून आनंद झाला.

मी दंतवैद्य. जिच्या अर्जाला तुम्ही नकार दिलात तिचा सख्खा मामा, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय मी तिच्यासाठी एकदा खोटं प्रमाणपत्रही लिहून दिलं होतं. ते तिने फेकून दिलं, म्हणून विश्वास ठेवायचाच तर तिच्यावर ठेवा. माझ्याबाबतीत मेंदूच्या डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे, तो वाचा. मार्चमध्ये तिच्या चाचणीने मला आजारी म्हटलं तेव्हा मी स्वतःला गल्लीतला सर्वांत निरोगी माणूस समजत होतो. एप्रिलमध्ये मी तिला आणि तिच्या प्रथिनाला शिव्या घातल्या. मे महिन्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं.

यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. एका माणसावरून चाचणी खरी ठरत नाही, कदाचित तो नुसता योगायोग असेल. अहो, पण मग उरलेल्यांचं काय? आमच्या पेटीत बरीच माणसं होती. त्यांच्यापैकी कुणाला पुढे काय होतं ते चाचणीशी जुळतं का, हे बघायला वर्षं लागतील आणि पैसे लागतील. तुम्ही म्हणता नवीन काही आणा. जे आहे ते खरं आहे की नाही हे कळल्याशिवाय नवीन आणून ठेवणार कुठे?

आता एक शेवटचं, आणि हे मी तिलाही सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी एका बाईंच्या दाढेचं काम करत होतो. ड्रिल उजव्या हातात असतं, आरसा डाव्या. आरसा त्यांच्या दातावर टकटक वाजायला लागला. मी थांबवायला गेलो, थांबेना. बाईंना वाटलं, मी ठोकून तपासतोय. त्या म्हणाल्या, डॉक्टर, तिथे दुखत नाही. मी म्हटलं, छान, मग आज एवढंच. त्यांना दुसऱ्या दंतवैद्याचा पत्ता दिला, मामीला दार लावायला सांगितलं आणि त्याच खुर्चीत जाऊन बसलो. त्यानंतर मी कुणाच्या तोंडात हात घातलेला नाही आणि घालणार नाही.

मला हे आधी कळलं असतं, तर त्या आधीच्या महिन्यांत ज्यांच्या दाढांवर मी हा हात चालवला, त्यांच्यावर चालवला नसता. त्यांना काही झालं नाही हे त्यांचं नशीब, माझं कसब नव्हे. ते तुमच्या तक्त्यात कुठे बसतं ते बघा.

माझं नाव वापरायला माझी हरकत नाही. माझे पेशंट आता माझे राहिलेले नाहीत, तेव्हा लपवायचं कोणापासून?

आपला,
चूक

३ जुलै

मामा,

निधी मिळाला.

अध्यक्षांनी स्वतः बोलावून घेतलं. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर होतं, घडीवरून कळत होतं की बऱ्याच जणांनी उघडलंय. म्हणाले, यात नवीन काही नाही, पण आम्हाला ते टाळता येत नाही. मग आपलाच जबडा चाचपत विचारलं, ते बाईंच्या दातावर आरसा वाजला ते खरं आहे का? मी म्हटलं, मामाचं काहीच सांगता येत नाही, पण हे खरं असणार. त्यांनी सही केली.

आता मोठी पडताळणी. निरोगी माणसं घ्यायची आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं. न्यायाधीश, पोहणारी टोळी, सगळे पुन्हा रक्त देणार. फक्त तू नाहीस. समितीने नवीन अट घातली आहे की तपासणाऱ्याचे नातलग चालणार नाहीत. ती अट तुझ्यामुळेच आली, तुझ्या प्रमाणपत्रासकट. अभिमान वाटून घे.

साहेबांनी आपल्या फायली उचलल्या आणि सर्वांना सांगितलं की माझा पहिल्यापासून विश्वास होता.

मंजुरीचं पत्र हातात घेऊन मी बाहेर आले. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि मला एकच वाटत होतं, की परत आत जावं, पत्र टेबलावर ठेवावं आणि म्हणावं, हे घ्या, फक्त अठरा नंबरच्या बाबतीत माझी चाचणी चुकली असं कुणीतरी लिहून द्या. मला माझी चाचणी खरी निघायला हवी होती, मामा. सगळ्यांच्या बाबतीत. तू सोडून. हे एखाद्या शास्त्रज्ञाने लिहिणं लाजिरवाणं आहे हे मला कळतं, आणि मला अजिबात लाज वाटत नाही.

मामीने सांगितलं की रविवारी तू दवाखान्याची पाटी उतरवणार आहेस. एकट्याने शिडीवर चढू नकोस. सकाळच्या गाडीने येते. पाटी मोठी आहे, एका बाजूने मामी धरेल, एका बाजूने मी.

ठमी